लॅपटॉपचा बिघडलेला चार्जिंग बोर्ड वगळून यंत्र थेट अडॅप्टरवर चालवता येईल का?

लोकमान्यनगर_इंदूर

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांकडे २००६ सालचा एक लॅपटॉप आहे. आमच्या घरातील होळकरकालीन मोडी पत्रे देवनागरीत उतरवण्याचे काम ते गेली काही वर्षे त्यावर करत आहेत. ज्या जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी सॉफ्टवेअरमध्ये ते टंकलेखन करतात, त्याचे हार्डवेअर लॉक (जे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्येच बसते आणि नव्या लॅपटॉपवर तो पोर्ट नसतो, त्यामुळे नवा लॅपटॉप घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

गेल्या पंधरवड्यात चार्जिंगचा नारिंगी दिवा लुकलुकू लागला आणि बॅटरी ७ टक्क्यांवर अडकून राहिली. दुसऱ्या दिवशी अडॅप्टर लावूनही यंत्र सुरू होईना. परिचयातील एका गृहस्थांकडे याच मॉडेलचा लॅपटॉप आहे. त्यांच्याकडची भरलेली बॅटरी आणून बसवली, तेव्हा आमचे यंत्र पन्नास मिनिटे व्यवस्थित चालले, म्हणजे मदरबोर्ड शाबूत आहे असे मी धरून चालले आहे.

मागचे झाकण उघडल्यावर डाव्या कोपऱ्यात दोन बोटे रुंदीचा एक स्वतंत्र बोर्ड दिसला. अडॅप्टरची पिन जिथे जाते ते सॉकेट, एक फ्यूज, एक कॉइल, आठ पायांचे काही काळे भाग आणि एक चौकोनी चिप एवढे त्यावर आहे. त्यांपैकी एका आठ पायांच्या भागाच्या कडेला बोर्डाचा हिरवा लेप करपून तपकिरी झाला आहे आणि नाक जवळ नेल्यास जळक्या लाखेसारखा वास येतो.

एका दुरुस्तीच्या दुकानात असे सुचवण्यात आले की, यंत्र बॅटरीवर चालतेच आहे, तर अडॅप्टरच्या दोन तारा सरळ बॅटरीच्या कनेक्टरवर जोडून द्याव्यात. वडिलांना हे पटले होते, मी मात्र थांबवले आहे. महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेत असल्यामुळे मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची मला सवय आहे, पण लॅपटॉपच्या आतले काम मी कधी केलेले नाही. हा बोर्ड वगळून यंत्र चालवण्याचा सुरक्षित मार्ग आहे का, याचे मार्गदर्शन मिळाल्यास फार उपकार होतील.

रामबागकर

आपण हे काम थांबवलेत ते अतिशय योग्य केलेत. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीत माझा जन्म गेला आहे आणि नेमका हाच उपाय केलेली यंत्रे नंतर माझ्याकडे आलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या बॅटरीवर ११.१ व्होल्ट छापलेले असावे. तिच्यात लिथियम-आयन सेलच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. प्रत्येक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची होते. अडॅप्टर १९ व्होल्टचा आहे. बॅटरी बाहेर काढून तिच्या कनेक्टरवर १९ व्होल्ट दिले तर यंत्र आज चालेलही, परंतु पुढे कधीतरी कोणीतरी, बहुधा आपल्या वडिलांना मदत करू पाहणारा एखादा नातेवाईक, रिकाम्या जागेत बॅटरी सरकवेल आणि त्या क्षणी १९ व्होल्ट कसल्याही नियंत्रणाशिवाय सेलवर पडतील. बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किट अशा वेळी वाट तोडते हे खरे. पण ते शेवटच्या प्रसंगासाठी ठेवलेले असते, रोजच्या वापरासाठी नाही, आणि इतक्या जुन्या बॅटरीत ते अजून काम करते याची हमी कोणी द्यावी? २००६ मध्येच सोनीच्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहिल्यामुळे एकट्या डेलला सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या, आणि त्या बॅटऱ्यांची चार्जिंग सर्किटे तर शाबूत होती.

आता त्या बोर्डाकडे वळू. त्याला आपण चार्जिंग बोर्ड म्हणत असलो तरी बॅटरी भरणे हे त्याच्या कामांपैकी एकच आहे. अडॅप्टर जोडलेला आहे की नाही हे तो ओळखतो, आणि तो योग्य वाटला तरच मॉस्फेटची (विजेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) एक जोडी उघडून १९ व्होल्ट यंत्राच्या मुख्य रेषेवर सोडतो. त्याच वेळी तो बॅटरीकडून मुख्य रेषेवर येणारी वाट बंद करतो. या मुख्य रेषेवरूनच मदरबोर्ड स्वतःसाठी ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो, आणि तिच्यावर ९ व्होल्ट असोत की १९, त्याला दोन्ही चालतात. बोर्ड वगळता येण्याची शक्यता आहे ती एवढ्याच कारणाने.

मात्र वगळण्याआधी नक्की काय गेले आहे ते पाहू. बॅटरी काढून, अडॅप्टर लावून, काळी तार सॉकेटच्या धातूच्या कवचावर धरून तीन ठिकाणचे व्होल्टेज मोजा: फ्यूजच्या दोन्ही टोकांना, मॉस्फेटच्या जोडीच्या पलीकडे, आणि त्या चौकोनी चिपशेजारच्या लहान कपॅसिटरांवर. त्यांपैकी एकावर ५ ते ६ व्होल्ट मिळाले पाहिजेत, कारण चिप स्वतःचे काम चालवण्यासाठी तेवढे व्होल्टेज आतच तयार करते. त्यानंतर अडॅप्टर काढून करपलेल्या भागाच्या पायांमधला रोध मोजा. त्या भागावरचा क्रमांक वाचता आल्यास त्याची माहितीपत्रिका काढून गेट, सोर्स आणि ड्रेन हे पाय कोणते ते आधी पाहून घ्या.

तुकोगंज_संगणक

हे सगळे सुरू करण्यापूर्वी एक विनंती आहे. हार्ड डिस्क काढून तिची पूर्ण प्रत घ्या. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा २.५ इंची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क असते आणि तिला यूएसबीने जोडणारे अडॅप्टर इंदूरला सहज मिळतात, आरएनटी मार्गावर किंवा जेल रोडला चौकशी करावी. लॅपटॉप दुसरा मिळेल, वडिलांनी उतरवलेली पत्रे दुसरी मिळणार नाहीत.

लोकमान्यनगर_इंदूर

आपणां दोघांचेही मनापासून आभार. डिस्कची प्रत काल रात्रीच घेतली आणि ती दोन ठिकाणी ठेवली.

मोजमापे अशी आहेत. फ्यूजच्या अलीकडे आणि पलीकडे १९.३ व्होल्ट. मॉस्फेटच्या जोडीच्या पलीकडे, मुख्य रेषेवर, शून्य. चिपशेजारच्या ज्या कपॅसिटरवर ६ व्होल्ट असायला हवेत असे वाटते तिथे ०.७ व्होल्ट. करपलेला भाग एन-चॅनेल मॉस्फेट निघाला. त्याच्या ड्रेन आणि सोर्समध्ये शॉर्ट नाही, परंतु गेट आणि सोर्समध्ये फक्त १४ ओहम रोध आहे. मुख्य रेषा आणि जमीन (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) यांच्यातही शॉर्ट नाही.

रामबागकर

मोजमापे इतकी स्वच्छ आली आहेत की घडले काय ते यांतूनच वाचता येते. करपलेला मॉस्फेट बॅटरी भरणाऱ्या भागातला, कॉइलच्या खालच्या बाजूचा, म्हणजे कॉइल आणि जमीन यांच्यामधला आहे. मॉस्फेटचे गेट काचेसारख्या अतिशय पातळ थराने सोर्सपासून वेगळे केलेले असते आणि तिथे रोध जवळजवळ अमर्याद दिसायला हवा. १४ ओहम याचा अर्थ तो थर फुटला आहे. चिप स्वतःसाठी जे ६ व्होल्ट बनवते त्यांतूनच ती हे गेट चालवत असते, म्हणून फुटलेल्या गेटने ते व्होल्टेज खाली ओढून ०.७ वर आणले, चिप जागीच होईना, आणि चिप जागी नाही म्हणून अडॅप्टरची वाट उघडणारी जोडीही बंद राहिली. अडॅप्टर ठीक, फ्यूज ठीक, मदरबोर्ड ठीक, आणि तरीही यंत्र बंद, ते यामुळे.

म्हणून पहिला प्रयत्न वगळण्याचा नको. तो एक मॉस्फेट काढून पुन्हा मोजा. ६ व्होल्ट परत आले तर त्याच प्रकारचा नवा भाग लावून बोर्ड पूर्ववत होण्याची चांगली शक्यता आहे. नाही आले तर चिपही गेली असे समजावे.

लोकमान्यनगर_इंदूर

मॉस्फेट काढला. तो उचलल्यावर खाली तांब्याची पट्टी काळी पडलेली दिसली, ती इसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली. तरीही व्होल्टेज ०.७ चे १.१ एवढेच झाले आणि चिप बोटाला चटका बसेल इतकी तापते. जेल रोडला जुन्या बोर्डांची विक्री करणाऱ्या तीन ठिकाणी विचारले, पण हा बोर्ड कुठेही मिळाला नाही. चिप बदलण्यासाठी गरम हवेचे यंत्र लागेल आणि तिचे पाय पोटाखाली आहेत, ते काम माझ्या आवाक्यातले नाही. तेव्हा आता वगळण्याविषयीच सांगावे.

दांडियाबाजार_बडोदे

रामबागकरांनी पाया इतका नीट घातला आहे की मी फक्त पुढची वाट सांगतो. बडोद्याला दोन जुन्या यंत्रांवर मी हे काम केले आहे आणि दोन्ही अजून वापरात आहेत.

आधी एक धोका सांगतो, कारण तो चटकन लक्षात येत नाही. फ्यूजनंतरची १९ व्होल्टची तार नुसती मुख्य रेषेवर जोडून आपण बॅटरी जागेवर ठेवली, तर बॅटरीच्या वाटेवरचा मॉस्फेट काय करेल याचा विचार करा. अडॅप्टर आला आहे हे त्याला सांगणारी चिप मेलेली आहे. त्याच्या दृष्टीने यंत्र अजून बॅटरीवरच चालले आहे, म्हणून तो उघडाच राहील, आणि मुख्य रेषेवरचे १९ व्होल्ट त्याच्यातून उलट दिशेने बॅटरीत शिरतील. दुकानदाराने सुचवलेल्या उपायात जो धोका होता तोच इथे मागच्या दाराने येतो. म्हणून बोर्ड वगळायचा तर बॅटरीही कायमची वगळायची, यात तडजोड नको. बॅटरी बाहेर वेगळ्या चार्जरने भरून वापरण्याचा सल्ला काही लोक देतात. मी देणार नाही, कारण एक तर यंत्राकडून ठरावीक संकेत मिळाल्याशिवाय बऱ्याच बॅटऱ्या आपली वाट उघडतच नाहीत, आणि शिवाय तापमान मोजणारी तार चार्जरला जोडलेली नसेल तर तो सेल गरम झाल्याचे ओळखू शकत नाही.

प्रत्यक्ष काम असे करावे. मेलेली चिप आणि कॉइलच्या वरच्या बाजूचा, म्हणजे मुख्य रेषा आणि कॉइल यांच्यामधला मॉस्फेट असे दोन्ही बोर्डावरून काढून टाका, म्हणजे मुख्य रेषेचा चार्जिंगच्या भागाशी संबंधच उरणार नाही. चिप पूर्ववत बसवायची नसल्यामुळे ती काढताना जपण्याचे कारण नाही, फक्त शेजारच्या तांब्याच्या वाटा उखडू देऊ नका. मग फ्यूजच्या पलीकडच्या टोकापासून मुख्य रेषेपर्यंत एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडा, १० अँपिअर आणि ४० व्होल्ट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा, त्यावर छापलेला पट्टा मुख्य रेषेकडे ठेवून. मूळ फ्यूज मात्र वाटेत राहिलाच पाहिजे. नुसत्या तारेऐवजी डायोड अशासाठी की कधी उलट ध्रुवांचा अडॅप्टर लावला गेला तर मदरबोर्ड वाचेल. शॉटकी डायोडवर साधारण ०.४ ते ०.५ व्होल्ट खर्च होतात. यंत्र २.५ अँपिअर घेत असेल तेव्हा तिथे सव्वा वॉटच्या आसपास उष्णता निघेल, म्हणून डायोडला तांब्याची किंवा ॲल्युमिनिअमची लहान पट्टी लावून ती आतल्या धातूच्या पत्र्याला टेकवा आणि मध्ये अभ्रक किंवा उष्णता वाहणारी विद्युतरोधक चकती घाला.

अडॅप्टर आहे की नाही हे सांगणारी एक रेषा चिपपासून मदरबोर्डाकडे जाते. ती बरोबर नसेल तर काही यंत्रे सुरू होत नाहीत आणि काही अत्यंत संथ चालतात. काही चिपमध्ये अडॅप्टर असताना ही रेषा ३.३ व्होल्टवर असते, काहींमध्ये शून्यावर. आपल्या चिपची माहितीपत्रिका पाहून मगच ठरवा. वर असायला हवी असेल तर चिप काढल्यावर मदरबोर्डावरच्या रोधामुळे ती बहुधा आपोआप वर राहील. खाली असायला हवी असेल तर १ किलोओहमच्या रोधातून तिला जमिनीशी जोडा.

शेवटची गोष्ट रोजच्या वापरातली आहे. मूळ बोर्डावरची मॉस्फेटची जोडी १९ व्होल्ट हळूहळू सोडत असे. आता ती सोय नाही. भिंतीतला अडॅप्टर आधीच चालू असताना पिन लॅपटॉपमध्ये खुपसली, तर तारेतील प्रेरकत्व आणि मदरबोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर यांच्यामुळे क्षणभर १९ च्या जवळजवळ दुपटीपर्यंत व्होल्टेज उसळू शकते. म्हणून आधी पिन लॅपटॉपमध्ये लावायची आणि नंतर भिंतीवरचे बटण दाबायचे. बंद करताना याच्या उलट, आधी बटण आणि मग पिन. हा क्रम वडिलांच्या अंगवळणी पडेपर्यंत कोणीतरी जवळ असावे.

रामबागकर

बडोदेकरांच्या सूचनेत एकच भर घालतो. यंत्राला बॅटरी नाही म्हणजे लाईट गेली की त्याच क्षणी सगळे बंद, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असलेली फाइल अशा वेळी खराब होते. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस घ्या. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. रूपांतरातील तूट वजा केली तरी ३५-४० वॉट घेणारा हा लॅपटॉप पाऊण तास चालेल. घड्याळासाठी मदरबोर्डावर असलेला ३ व्होल्टचा नाणेसेल, सीआर२०३२, तोही आताच बदला. बॅटरी नसताना आणि बटण बंद असताना तारीख सांभाळायला तेवढाच आधार उरतो.

तुकोगंज_संगणक

यूपीएस घेताना एक पाहावे. काही जुन्या यूपीएसना अतिशय कमी भार दिला तर ते बॅटरीवर असताना काही मिनिटांनी स्वतःहून बंद होतात. दुकानात लॅपटॉप नेऊन, लाइन काढून, दहा मिनिटे चालवून मगच घ्या.

लोकमान्यनगर_इंदूर

उशिरा कळवते आहे, क्षमस्व. कामाला तीन रविवार लागले.

चिप काढताना बोर्डाची एक बारीक वाट उखडलीच, सुदैवाने ती चार्जिंगच्याच भागातली होती. आमच्या चिपमध्ये अडॅप्टर असताना रेषा खाली असावी लागते असे माहितीपत्रिकेत निघाले. ते आधी माझ्या लक्षात आले नव्हते. डायोड जोडून पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा यंत्र सुरू झाले, पण पडदा मंद आणि एकेक अक्षर उमटायला दोन-तीन सेकंद. १ किलोओहमचा रोध लावल्यावर ते पूर्वीसारखे चालू लागले.

डायोडनंतर मुख्य रेषेवर १८.९ व्होल्ट मिळतात. सलग दोन तास टंकलेखन झाल्यावर डायोडच्या पट्टीचे तापमान प्रयोगशाळेतल्या थर्मोकपलने मोजले, ते ५४ अंश सेल्सिअस आले. खोलीचे तापमान त्या वेळी ३१ होते. हे ठीक आहे की पट्टी मोठी करावी?

बॅटरीच्या जागेत लाकडाचा तुकडा घट्ट बसवला आहे आणि त्यावर वडिलांच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "येथे बॅटरी घालू नये. आग लागू शकते." कनेक्टरची धन बाजूची पाती मी आधीच काढून टाकली होती, तरी चिठ्ठी असावी असा त्यांचा आग्रह होता. जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात दिली. गाडीवरच्या मुलाला काय आहे ते सांगून दिली, जेणेकरून ती दाबली जाणार नाही.

दांडियाबाजार_बडोदे

५४ अंश डायोडसाठी अगदी सुरक्षित आहे, तो त्याच्या दुपटीलाही टिकतो. प्रश्न आहे तो इंदूरच्या मे महिन्याचा. खोली ४० अंशांवर गेली तर पट्टी ६३-६४ वर जाईल आणि वरचा प्लॅस्टिकचा भाग तळहाताखाली गरम लागेल. पट्टी दीडपट लांब करून मागच्या जाळीकडे वळवली तर तेवढे पुरेल. आणि त्या एका रोधाची जागा व किंमत लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, पुढे ज्याच्या हाती हे यंत्र उघडले जाईल त्याला ते कळायला हवे.

लोकमान्यनगर_इंदूर

पट्टी येत्या रविवारी बदलते. कागदावर डायोड, रोध, काढून टाकलेले दोन मॉस्फेट आणि चिप यांचे रेखाचित्र काढले आहे, ते आजच आतून चिकटवले. पिन आधी आणि बटण नंतर हा क्रम वडिलांनी स्वतः मोडीत लिहून टेबलाच्या कडेला लावला आहे.